मोठ्या शिकारी माशांच्या टाकीचं फिल्टरेशन: हिशोब खाण्यापासून सुरू करा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही उत्तर लावून पाहता येईल. तुम्ही सोलापूरला तळमजल्यावर राहता आणि आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच टाकी बांधून घेताय. मासे आधीपासून आहेत: बावीस इंची सिल्व्हर अरोवाना, दोन मोठे ऑस्कर आणि नऊ इंची रेडटेल कॅटफिश. सध्याच्या टाकीवर दोन कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचे बंद डब्याचे फिल्टर) चालतात, तरी खाणं घातलं की दुसऱ्या दिवशी पाणी धुरकट होतं आणि वास मारतो. दुकानदार म्हणतोय तिसरा कॅनिस्टर लावा. काचवाला विचारतोय भोकं कुठे पाडायची. महापालिकेचं पाणी चार दिवसांआड येतं, बाकी सगळं बोअरवर.

तिसरा कॅनिस्टर घेऊ नका. आणि काचवाल्याला दोन दिवस थांबवा, कारण या सगळ्यात परत न फिरवता येणारा निर्णय त्याच्या भोकांचाच आहे. बाकी सगळं नंतर बदलता येतं.

फिल्टर निवडताना बहुतेक जण टाकी किती लिटरची ते पाहतात आणि खोक्यावर छापलेल्या आकड्याशी जुळवतात. छोट्या टेट्रा माशांच्या टाकीला ते चालून जातं. शिकारी माशांच्या टाकीत मात्र लिटर हा दुय्यम आकडा आहे. पाण्यात रोज किती ग्रॅम प्रथिनं पडतात, यावर फिल्टरचं काम ठरतं. मत्स्यशेतीत यासाठी एक साधा हिशोब वापरतात: खाण्याचं वजन गुणिले त्यातलं प्रथिनांचं प्रमाण गुणिले ०.०९२, म्हणजे त्यातून तयार होणारा अमोनिया, नायट्रोजनच्या वजनात. तुमच्या माशांना दिवसाला १०० ग्रॅम सोललेली कोळंबी किंवा माशाचं मांस लागतं असं धरू. त्यात साधारण २० टक्के प्रथिनं असतात. १०० × ०.२० × ०.०९२ म्हणजे १.८४ ग्रॅम. कोळंबीऐवजी ४० टक्के प्रथिनांच्या गोळ्या दिल्या, तर हाच आकडा ५० ग्रॅम गोळ्यांत येतो. मूठभर गोळ्या हलक्या दिसतात म्हणून भार कमी झाला, असं समजू नका.

आता हे १.८४ ग्रॅम कुठे जातात ते पाहू. बहुतेक अमोनिया माशांच्या कल्ल्यांतूनच थेट पाण्यात उतरतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून वाढतात. म्हणून प्रश्न येतो तो पृष्ठभाग किती द्यायचा याचा. केवन नावाच्या फिरत्या प्लास्टिक माध्यमाच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ५०० चौरस मीटर सुरक्षित पृष्ठभाग असतो. एका चौरस मीटरवर दिवसाला ०.२ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचतो असं अगदी हात राखून धरलं, तरी तुम्हाला सव्वानऊ चौरस मीटर पुरतात. म्हणजे केवळ १८-१९ लिटर माध्यम. मासे वाढतील, कधी खाणं जास्त पडेल, म्हणून ४५-५० लिटर ठेवा. तेवढं झालं की जैविक बाजू संपली. सिरॅमिक रिंगांच्या पिशव्यांवर पिशव्या, लाव्हा रॉक, आयात केलेले महागडे दगड यांवर लोक हजारो रुपये घालतात आणि पाणी तरीही धुरकट राहतं, कारण खरी अडचण तिथे नसतेच.

अडचण असते ती न पचलेल्या, न उचललेल्या घाणीची. ऑस्कर खाताना निम्मं चघळून कल्ल्यांतून बाहेर टाकतात. कॅटफिश एकदम गिळतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच मोठी विष्ठा टाकतो. हे तुकडे पाण्यात कुजले की वरच्या हिशोबाबाहेरचा अमोनिया तयार होतो, शिवाय पाण्यातले कुजवणारे जिवाणू भराभर वाढतात. तुम्हाला दिसणारा धुरकटपणा म्हणजे हेच जिवाणू. आणि इथेच कॅनिस्टर मोठ्या माशांना कमी पडतो. त्यात अडकलेली घाण नजरेआड झाली तरी टाकीबाहेर गेलेली नसते. टाकीचं सगळं पाणी दिवसभर त्याच घाणीतून फिरत राहतं. कॅनिस्टर उघडायचा म्हणजे नळ्या काढा, बादली आणा, रबरी कडं नीट बसवा. एवढ्या खटाटोपामुळे तो महिन्याने एकदा उघडला जातो. शिकारी माशांच्या टाकीत घाण दोन-तीन दिवसांत बाहेर पडली पाहिजे. जे साफ करायला दोन मिनिटं लागतात तेच नियमित साफ होतं, आणि मी फिल्टरची सगळी रचना या एका गोष्टीभोवती करतो.

म्हणून तुमच्यासाठी संप, म्हणजे टाकीखालची दुसरी टाकी. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच. वरच्या टाकीतून पाणी आपल्या वजनाने खाली येईल, चार कप्प्यांतून जाईल आणि शेवटच्या कप्प्यातली मोटर ते वर ढकलेल.

आधी भोकं. टाकीच्या एका टोकाला, आतल्या बाजूने, काचेचा ओव्हरफ्लोचा डबा (ज्याच्या कडेवरून टाकीतलं पाणी आत पडून खाली उतरेल) करून घ्या आणि भोकं त्या डब्याच्या आत तळाच्या काचेत पाडा. तळाखालची जागा स्टँडच्या पाइपांत अडकत असेल तर मागच्या काचेत चालतील. भोकं तीन: दोन खाली जाणाऱ्या पाण्यासाठी, एक परत येणाऱ्यासाठी. खाली जाणारे दोन्ही पाइप ५० मिलिमीटरचे. हार्डवेअरच्या दुकानातून टँक निपल, म्हणजे भोकात बसवून पाइप जोडायचा चुडीचा तुकडा, आधी विकत आणा आणि काचवाल्याच्या हातात द्या, म्हणजे तो त्याच मापाचं भोक पाडेल. ‘दोन इंची’ असं तोंडी सांगितलं तर दोन इंची पाइपचं भोक पडतं आणि निपलची चुडी आत जात नाही. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर हवं. टफन केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेला नंतर भोक पाडता येत नाही, पूर्ण काचेचा चुरा होतो. त्यामुळे कुठली काच टफन आहे हे त्याच्याकडून स्पष्ट विचारून घ्या. काचेच्या कडेवर लटकवायचे सायफनचे ओव्हरफ्लो मिळतात, ते या टाकीला नकोत. वीज जाऊन परत आली आणि त्यांच्यात हवा राहिली, की खालचं पाणी वर जात राहतं पण वरचं खाली येत नाही, आणि जास्तीचं पाणी तुमच्या फरशीवर येतं.

दोन पाइपांपैकी पहिल्याला खाली गेट व्हॉल्व्ह लावा. बॉल व्हॉल्व्ह नको, त्यात बारीक फेरफार जमत नाही. व्हॉल्व्ह हळूहळू आवळत न्यायचा, इतका की हा पाइप पूर्ण पाण्याने भरून वाहील आणि डब्यातली पातळी एका जागी स्थिर राहील. हवा ओढली जात नाही म्हणून खळखळ बंद होते, बैठकीच्या खोलीत हे महत्त्वाचं आहे. दुसऱ्या पाइपचं तोंड त्या पातळीच्या थोडं वर ठेवायचं. एरवी तो कोरडाच राहील. पहिल्यात पान, खवला, कोळंबीचं टरफल अडकलं तर पाणी चढून दुसऱ्यातून जाईल. त्याला व्हॉल्व्ह लावायचा नाही, कधीच. दोन्हीच्या तोंडाला मोठ्या भोकांची जाळी मात्र हवी.

ओव्हरफ्लोच्या डब्याबद्दल आणखी एक. साध्या डब्यात वरच्या कंगव्यासारख्या फटींतून फक्त पृष्ठभागाचं पाणी जातं. ते आवश्यकच आहे, कारण कोळंबी-मांसाचा तेलकट थर वर साचतो आणि हवेतला ऑक्सिजन आत शिरायला अडथळा होतो. पण ऑस्करची विष्ठा जड, ती तळालाच राहते. म्हणून डब्याबाहेर एक-दीड इंच अंतर सोडून दुसरी काच लावून घ्या, जिच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही कडांना फटी असतील. वरून तेल आणि खालून घाण, दोन्ही त्याच डब्यात ओढली जातील. परतीच्या पाण्याचं तोंड समोरच्या टोकाला, तळाच्या दिशेने. प्रवाह तळ घासत डब्याकडे आला पाहिजे. गरज पडली तर त्याच टोकाला एक वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात प्रवाह करणारा छोटा पंखा. तळ मोकळाच ठेवा. गोटे-खडी घालायची हौस असेल तर आवरा. त्यात घाण अडकते, आणि रेडटेलला दगड गिळायची खोड असते.

आता संपचे कप्पे. पहिल्यात यांत्रिक गाळण. पाणी पडेल तिथे फेल्टचे दोनशे मायक्रॉनचे दोन मोजे (मोज्याच्या आकाराच्या गाळण पिशव्या) टांगा, किंवा ट्रेमध्ये वर जाड स्पंज, खाली पॉलिएस्टरचा पांढरा कापूस. उशीत भरतात तो कापूस चालतो, फक्त रंग किंवा आग न धरणारी रसायनं लावलेला नको. मोज्यांचे तीन जोड ठेवा: एक वापरात, एक धुतलेला, एक वाळत. दर दोन-तीन दिवसांनी बदला. धुताना साबण नाही, वॉशिंग पावडर नाही. जोराच्या पाण्याने उलटा करून धुवा आणि कडक उन्हात टाका. सोलापूरच्या उन्हाचा असा एक तरी उपयोग आहे. मोजा तुंबला तर पाणी त्याच्या कडेवरून पुढच्या कप्प्यात जाईल एवढी जागा मोकळी ठेवा, संपबाहेर सांडायला नको.

दुसऱ्या कप्प्यात केवन माध्यम, खालून हवा. कप्प्यातल्या पाण्याच्या साठ टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका, नाहीतर फिरत नाही. हे माध्यम साधारण एक सेंटिमीटरचं असतं, त्यामुळे कप्प्याच्या दोन्ही बाजूंच्या जाळीची भोकं सहा मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत. नवं माध्यम पहिले काही आठवडे नुसतं वर तरंगतं आणि लोक घाबरतात. त्यावर जिवाणूंचा थर चढला की ते जड होऊन आपोआप फिरायला लागतं. फिरताना दाणे एकमेकांवर घासतात, जुना थर गळतो, घाण साचत नाही. म्हणून या कप्प्याला सफाई नाही. तुमच्याकडे जुन्या सिरॅमिक रिंगा आहेत, त्या तिसऱ्या कप्प्यात जाळीच्या पिशवीत ठेवा. फेकायच्या नाहीत, त्यांवरच तर तुमचे तयार जिवाणू आहेत. हिवाळ्यासाठी हीटर लागला तर तोही इथेच. ऑस्करच्या टाकीत काचेचा हीटर टिकत नाही, तो त्याला ढकलून फोडतो.

चौथा कप्पा मोटरचा. बाष्पीभवनाने कमी होणारी पातळी फक्त याच कप्प्यात दिसते, म्हणून तो चिंचोळा ठेवू नका. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दोन दिवस पाणी वाढवलं नाही तर अरुंद कप्प्यातली मोटर कोरडी पडते. मोटर किती मोठी? टाकीत पाण्याची उंची ७० सेंटिमीटर धरली तर वर सुमारे दीड हजार लिटर आणि संपमध्ये दोनशेच्या आतबाहेर, म्हणजे एकूण साधारण १६५० लिटर धरून चालू. तासाला चार ते पाच वेळा फिरवायचं तर प्रत्यक्षात सात-आठ हजार लिटर. प्रत्यक्षात, असं मुद्दाम म्हणतोय. मोटरच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी दीड मीटर चढवायचं, त्यात दोन-तीन एल्बो, की पुष्कळ मोटरी निम्म्यावर येतात. खोक्यात किंवा कंपनीच्या पत्रकात उंची आणि प्रवाहाचा आलेख असतो, तो पाहूनच घ्या. डीसी मोटर महाग पडते, पण विजेचं बिल आणि वेग कमी-जास्त करण्याची सोय पाहता या आकाराच्या टाकीला मी तीच सुचवेन.

वीज गेल्यावर वरून किती पाणी खाली येईल, हे आधी मोजून ठेवा. तुमच्या टाकीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे २२ लिटर. परतीच्या पाइपचं तोंड ओव्हरफ्लोच्या कडेपेक्षा तीन सेंटिमीटर खाली असेल तर ६६ लिटर उलटे येतील, शिवाय डब्यातले आणि पाइपांतले वीसेक. संपमध्ये चालू असताना २६ सेंटिमीटर पाणी ठेवलं तर वर सुमारे दीडशे लिटरची जागा मोकळी राहते, म्हणजे ते मावतं. पण तोंड तळाजवळ नेलं असेल, आणि तुमच्याकडे ते तसंच न्यायचंय, तर पाइपला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक छोटं भोक पाडावं लागेल. तिथून हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. हे भोक शेवाळाने बुजतं, तेव्हा दर महिन्याला काडी फिरवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात एक टरफल अडकलं की तो बंदच होत नाही. पहिल्या दिवशी, मासे नसताना, मोटर मुद्दाम बंद करा आणि पाणी कुठवर चढतं ते पाहा. मग चालू असताना संपची पातळी जिथे असेल तिथे मार्करने रेघ मारा. त्या रेघेवर कधीही पाणी भरायचं नाही.

तुमचे दोन्ही कॅनिस्टर विकू नका. एकातल्या रिंगा काढून त्यात नुसते स्पंज भरा, ओढणारं तोंड ओव्हरफ्लोपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात तळाला ठेवा आणि दर आठवड्याला धुवा. घाण गोळा करणारं यंत्र म्हणून तो उत्तम चालेल. दुसरा, आजारी मासा वेगळा ठेवायला लागला तर.

यूव्ही दिव्याबद्दल विचारलं होतं. हिरवं पाणी जातं, काही रोगजंतू कमी होतात, अमोनियावर शून्य परिणाम. पैसे उरले तर लावा. कार्बन वापरायचा तो फक्त औषध दिल्यानंतर ते पाण्यातून काढायला, एरवी नको. बाटलीतल्या जिवाणूंपेक्षा तुमच्या जुन्या रिंगा शंभर पटीने भरवशाच्या.

आता पाण्याकडे येतो, कारण तुमचा खरा पेच तिथे आहे. फिल्टर कितीही चांगला असला तरी तो नायट्रेटवर थांबतो. वरच्या १.८४ ग्रॅमचं सुमारे ८.१ ग्रॅम नायट्रेट होतं. १६५० लिटरमध्ये ते दर खाण्यामागे लिटरला पाच मिलिग्रॅम. आठवड्यात पाच दिवस खाणं दिलं तर २५ मिलिग्रॅमची भर. हे फक्त पाणी बदलूनच जातं, आणि इथे एक गंमत आहे जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं तर नायट्रेट कालांतराने ५० पर्यंत चढून बदलल्यावर २५ वर येतं आणि तिथेच झुलत राहतं. पाव पाणी बदललं तर ते १०० आणि ७५ च्या मध्ये झुलतं. फक्त दहा टक्के बदलत राहिलात तर चढत चढत २५० वर जाऊन स्थिरावतं. पाणी स्वच्छ दिसेल, मासे खातील, पण कल्ल्यांची टोकं वळणं, अरोवानाचं खाणं सुटणं, ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडणं अशा तक्रारी मला अशाच टाक्यांत सर्वांत जास्त दिसतात. बोअरच्या पाण्यात मुळातच नायट्रेट असेल तर ते या प्रत्येक आकड्यात मिळवायचं. आधी तेच तपासून घ्या.

म्हणजे आठवड्याला आठशे लिटर. पाणी चार दिवसांआड येणाऱ्या घराला हे मोठं ओझं आहे, मला कल्पना आहे. दोन गोष्टी करा. हजार लिटरची वेगळी टाकी फक्त माशांसाठी ठेवा, आणि ती गच्चीवर नको, सावलीत, जमिनीलगत. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी हात भाजेल इतकं तापतं, ते चुकून टाकीत गेलं तर मासे जातील. महापालिकेचं पाणी असेल तर क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट: एक मिलिग्रॅम क्लोरीनला सात मिलिग्रॅम लागतं. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर आठशे लिटरला तीन ग्रॅम पुरतं. पावसाळ्यात पाणीपुरवठ्यात क्लोरीन वाढवतात, तेव्हा दुप्पट टाका, त्याने काही बिघडत नाही. आणि टाकीतून निघणारं पाणी गटारात सोडू नका. नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. शेजारी कुणाची नारळाची, पेरूची झाडं असतील तर पाइप तिकडे न्या. सोलापुरात आठवड्याला आठशे लिटर पाणी वाया घालवणं मला तरी पटणार नाही, आणि टाकीचं पाणी झाडांना जात असेल तर बदलायचा कंटाळाही येत नाही.

बोअरच्या पाण्याचा एक फायदा आणि एक धोका. तुमच्या भागातलं बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कली असतं. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातली अल्कता, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, खातात: एका ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. तुमच्या टाकीत दर आठवड्याला लिटरमागे सुमारे ४० मिलिग्रॅम अल्कता खर्च होईल. जड पाण्याला हे सहज पेलतं. धोका असा की पीएच ८ ला आणि ३० अंश तापमानाला एकूण अमोनियापैकी सुमारे साडेसात टक्के विषारी रूपात असतो, तर पीएच ७ ला एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे चाचणीत तोच रंग दिसला तरी तुमच्या टाकीत विषारी अमोनिया जवळपास दहापट.

मुंबई-पुण्याकडच्या वाचकांचं उलट आहे. धरणाचं पाणी मऊ, अल्कता मुळात कमी. मोठे मासे आणि कमी पाणी बदलणं एकत्र आलं, की दोन-तीन महिन्यांत अल्कता संपते, पीएच सहाच्या खाली घसरतो आणि जिवाणूंचं काम थंडावतं. अमोनिया साचत जातो, पण आम्ल पाण्यात तो बिनविषारी रूपात राहतो, त्यामुळे मासे वरवर ठीक दिसतात. मग पाहुणे येणार म्हणून मालक एकदम सत्तर टक्के पाणी बदलतो, पीएच चढतो, साचलेला अमोनिया विषारी होतो आणि रात्रीत मासे मरतात. दोष बिचाऱ्या नव्या पाण्यावर येतो. अशा टाकीत आधी अमोनिया आणि पीएच मोजा, मग रोज दहा टक्के असं हळूहळू सुधारा. अल्कता टिकवायला संपमध्ये शिंपल्यांची पिशवी ठेवता येते. किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे मात्र उचलू नका, प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. नेमकं मोजून द्यायचं तर खायचा सोडा. वरच्या हिशोबातल्या १०० ग्रॅम कोळंबीमागे २२ ग्रॅम सोडा खर्चलेली अल्कता भरून काढतो.

ऑक्सिजनबद्दल मी जरा आग्रहाने बोलणार आहे. ३० अंशाला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. २० अंशाला नऊच्या वर मावतो. तुमच्या १६५० लिटरमध्ये ३० अंशाला कोणत्याही क्षणी फार तर १२ ग्रॅम ऑक्सिजन आहे. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला जिवाणूंना सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे फक्त जिवाणूच दिवसाला आठ ग्रॅमहून जास्त खातात. मासे वेगळे. सतत हवा शिरत असते म्हणून हे निभतं. हवा थांबली की मोठ्या माशांकडे काही तासच असतात. अरोवाना आणि ऑस्कर पृष्ठभागाशी येऊन तोंड मारू लागले की समजा उशीर झालाय.

त्यामुळे वीज जाणं हा फिल्टरेशनचाच भाग धरा. एअर पंप इन्व्हर्टरवर, सर्वांत आधी. त्यानंतर मुख्य मोटर. दोन्ही मिळून १२० वॅट होत असतील तर घरातली १५० एएचची सुस्थितीतली बॅटरी आठ-नऊ तास ओढेल, फक्त त्याच इन्व्हर्टरवर पंखे आणि टीव्ही नको. संपमधलं माध्यम हवेशी जोडलेलं असल्याने तग धरतं. बंद कॅनिस्टरमध्ये मात्र काही तासांत ऑक्सिजन संपतो आणि आतलं पाणी सडतं. लांब वीज गेली असेल तर कॅनिस्टर थेट चालू करू नका. आधी उघडा, आतलं पाणी ओता, स्पंज खंगाळा, मग लावा. मे महिन्यात संपवर एक छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. ज्या दिवशी पाणी ३२ च्या वर जाईल त्या दिवशी खाणं निम्मं करा. एक दिवस उपाशी राहिल्याने एवढ्या मोठ्या माशाला काही होत नाही.

नवी टाकी सुरू करताना मासे लगेच हलवू नका. संप चालू करा, जुन्या रिंगा तिसऱ्या कप्प्यात टाका, पण निम्म्याच, बाकीच्या जुन्या टाकीत माशांसाठी राहू देत. मग नवसागर (अमोनियम क्लोराइड, म्हणजे माशांशिवाय अमोनिया देणारा क्षार), रसायनांच्या दुकानातला शुद्ध. बाजारातल्या खड्यात काय मिसळलंय याचा भरवसा नाही. १२-१३ ग्रॅम नवसागर विरघळवून टाकला की तुमच्या टाकीत लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन येतो. तुमच्या रोजच्या खाण्याचा भार १.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ही चाचणी जवळजवळ दुपटीची. अमोनिया शून्य झाला की पुन्हा तेवढाच टाका. ज्या दिवशी चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतील त्या दिवशी फिल्टर तयार. नुसत्या नव्या माध्यमावर याला तीन ते सहा आठवडे लागतात, जुन्या रिंगांमुळे तुमचं लवकर होईल. मग मोठा पाणीबदल करून नायट्रेट काढा आणि सगळे मासे एकत्र सोडा. पहिला आठवडा खाणं कमी. या काळात नायट्राइट वर गेलाच तर लिटरला एक ग्रॅम जाडं मीठ टाका. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. रेडटेल या टाकीत राहू शकत नाही. तो मीटरभराचा होतो, काही वर्षांतच होतो, आणि वाढला की ऑस्कर त्याच्या पोटात जातील. तीन फूट रुंदीत त्याला धड वळता येणार नाही. एकटा तो बाकी तिघांहून जास्त खाईल, म्हणजे वरचे सगळे आकडे दुप्पट होतील आणि आठशे लिटरचे सोळाशे. फिल्टर मोठा करून हा प्रश्न सुटत नाही. आत्ता नऊ इंची आहे तोवर त्याला मोठं तळं किंवा काँक्रीटची मोठी टाकी असलेला माणूस शोधा. दीड फुटाचा झाल्यावर कुणी घेत नाही. आणि काही झालं तरी सिद्धेश्वर तलावात, उजनीत, कुठल्याही नदी-ओढ्यात सोडू नका. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार हा परदेशी शिकारी मासा सापडला होता, आणि कुणाच्या तरी टाकीतला सकर मासा आज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत मच्छिमारांची जाळी फाडतोय. आपल्या मरळ, वाम, शिंगट्यांना अशा परदेशी शिकाऱ्याशी झुंजायला लावणं हा अपराध आहे.

अरोवानाला ही टाकी योग्य आहे. तीन फूट रुंदी घेतलीत, याचं मला मनापासून बरं वाटलं. पुष्कळ जण लांबी वाढवतात आणि रुंदी दोन फुटांवर ठेवतात. झाकण मात्र वजनदार आणि चारी बाजूंनी अडकवलेलं हवं, पाइपांसाठी ठेवलेली फटसुद्धा जाळीने बंद करा. पूर्ण वाढलेली अरोवाना हलकं झाकण सहज उडवते. आणि चिकनची काळीज-आतडी बंद करा. त्यातली चरबी पाण्यावर पसरते, मोजे दिवसात तुंबतात, माशाच्या यकृतावर चरबी चढते. कोळंबी सोलून, गोळ्या, अधूनमधून चरबी कमी असलेला मासा. बाजारातले जिवंत गोल्डफिश खाऊ घालणं म्हणजे रोग विकत आणणं. खाणं घातल्यावर दहा मिनिटांत जे उरेल ते जाळीने काढा. त्या दहा मिनिटांनी फिल्टरचं जेवढं काम वाचतं तेवढं कुठल्याही महागड्या माध्यमाने वाचत नाही.

काचवाल्याला आज एवढंच कळवा: ओव्हरफ्लोचा डबा एका टोकाला, दुहेरी काचेचा, आत तीन भोकं, निपल तुम्ही द्याल, भोकं असलेली काच टफन करायची नाही. स्टँड करणाऱ्याला सांगा की संप पुढून किंवा बाजूने अख्खा बाहेर काढता आला पाहिजे, आणि मोज्यांच्या वर हात जाईल अशी निदान एक फूट मोकळी जागा हवी. स्टँड उभा राहिला की संपमधल्या पाण्यापासून टाकीच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजा, पाइपला किती एल्बो लागतात ते मोजा, आणि बोअरच्या पाण्याचे पीएच, नायट्रेट आणि अल्कता हे तीन आकडे कळवा. मोटर त्यानंतर ठरवू.